काकांच्या मापाची रायफल

आमच्या विभागाच्या व्हरांड्यात दोन्ही भिंतींवर बंदुका टांगलेल्या आहेत. नवीन माणूस आला की तो त्या बंदुकांकडे आदराने बघत, पावलं हळू टाकत चालतो. त्याला वाटतं, हा आमचा पराक्रम. ती आमची फजिती आहे हे त्याला आत चहा आल्यावर कोणीतरी सांगतं. लष्कराने ज्या बंदुका पसंत केल्या त्या लष्कराकडे गेल्या, आणि ज्या नाकारल्या त्या आमच्याकडे राहिल्या. आमच्या विभागाच्या सगळ्याच राहिल्या.

दारातून शिरताच पहिली लागते ती कोपऱ्यावरून गोळी मारणारी बंदूक. तिची नळी पुढे बाकदार आहे. सैनिकाने भिंतीआड सुरक्षित उभं राहायचं आणि डोकं बाहेर न काढता पलीकडच्या शत्रूला टिपायचं, अशी कल्पना. गोळी वळली, त्यात शंका नाही, पण वळताना तिचे तुकडे झाले आणि थोड्याच दिवसांत नळी आतून खरवडून निघाली. तिच्या शेजारी आहे ती बिनपुंगळीच्या काडतुसांची. पितळेची पुंगळी काढून टाकायची आणि दारूच्याच ठोकळ्यात गोळी बसवायची, म्हणजे सैनिकाच्या पाठीवरचं ओझं कमी. ओझं कमी झालं. पण जी उष्णता रिकाम्या पुंगळीबरोबर बाहेर पडायची ती आतच राहायला लागली, आणि बंदूक इतकी तापायची की चापाला कोणी बोट न लावता आपली आपण उडायची. ती बनवणारे गृहस्थ निवृत्त होईपर्यंत म्हणत होते की यात सैनिकाचे श्रम वाचतात. त्यापुढे तीन नळ्यांची एक आहे, जी उचलायला दोन माणसं लागतात. आणि एक आहे घडीची. ती उघडीच टांगलेली आहे, कारण मिटवली तर पुन्हा कशी उघडायची हे आता कोणालाच माहीत नाही.

मी या विभागात ड्रॉइंग काढते. मला सहसा कोणाची दया येत नाही, निदान घरात तरी तसा लौकिक आहे. पण त्या भिंतीजवळून जाताना मला वाईट वाटतं. त्यातली एकही बंदूक मूर्खाने बनवलेली नाही. प्रत्येकीत एका हुशार माणसाने स्वतःची उमेदीची वर्षं घातली आहेत, आणि प्रत्येक वेळी एखादी साधी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली आहे.

विभागाचे प्रमुख म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. मी नोकरीला लागले तेव्हा कचेरीत साहेब म्हणायचं असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मी ‘साहेब’ म्हणाले, त्यांनी मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघितलं, आणि तो प्रकार तिथेच संपला. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, त्याच विभागात चाचणीला. बाबा बंदूक कागदावर योजायचे, मी ती रेखाटायची, कारखान्यातल्या लोकांनी नमुना घडवायचा आणि काकांनी चांदमारीवर जाऊन तो झाडून बघायचा, अशी आमची साखळी. संध्याकाळी हीच माणसं घरी एका टेबलाशी जेवायला बसायची, त्यामुळे बंदुकीचा विषय भाजी वाढतानाही सुटत नसे. माझा नवरा तेवढा या धंद्यातून निसटला. त्याचं तयार कपड्यांचं दुकान आहे. बाबांच्या मते तो वाया गेला.

काकांबद्दल सांगायचं तर, त्यांच्यासारखा कुरकुऱ्या माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांना चहा गरम लागायचा नाहीतर गार लागायचा. खुर्ची टोचायची. उशी उंच असायची, ती काढली की मान अवघडायची. आणि प्रत्येक कुरकुरीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: “जाऊ दे, मी सांगून काय उपयोग? दादाने माझं कधी ऐकलंय?”

बाबा नऊ वर्षं एका रायफलीवर काम करत होते. तिची कल्पना अशी की मॅगझिन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, थेट गालाखाली, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातच बसवायची. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची राहते, नेम लांबवर लागतो, पण रायफल मात्र आखूड होते. गाडीतून उडी मारताना अडकत नाही, अरुंद जिन्यात वळवता येते. कल्पना चांगली होती, आणि हे मी सून म्हणून बोलत नाहीये. जगात इतर ठिकाणीही लोकांनी अशा रायफली केल्या आहेत. आमचीही होणार होती. महिनाअखेर बाबा निवृत्त होणार होते, आणि त्याच्या अडीच आठवडे आधी, गुरुवारी, लष्कराची शेवटची चाचणी होती. ती पार पडली असती तर व्हरांड्यातल्या भिंतीऐवजी सैनिकांच्या खांद्यावर गेलेली आमच्या विभागाची ती पहिली बंदूक ठरली असती.

आता बाबांचं तत्त्व सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्या तत्त्वाने केला. बाबा म्हणायचे, चाचणी घेणारा हात बदलायचा नाही. आज एकाने बंदूक झाडली आणि उद्या दुसऱ्याने, तर नेम सुधारला तो बंदुकीमुळे की माणसामुळे, हे कसं कळणार? मोजपट्टी एकच पाहिजे. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मी स्वतः ते दोनतीन जणांना ऐकवलं आहे. त्यामुळे नऊ वर्षांत त्या रायफलीला काकांशिवाय कोणी खांद्याला लावलं नाही.

काकांचा उजवा डोळा लहानपणापासून अधू, म्हणून ते डाव्या खांद्याला बंदूक लावायचे. पहिल्याच नमुन्याची रिकामी पुंगळी उजवीकडून उडाली आणि त्यांच्या गालाला चटका बसला. यंत्रणा गालाखालीच असल्यावर दुसरं काय होणार? काका आठवडाभर गाल दाखवत हिंडले. बाबा मला म्हणाले, “पुंगळी बाहेर पडायची खिडकी आत्तापुरती डावीकडे घे. शेवटी परत उजवीकडे आणू.” मी घेतली. मग काका म्हणाले, हात आखडल्यासारखा वाटतो. त्यांचे हात लांब. दस्ता दोन बोटं लांबवला, आत्तापुरता. मग चाप फार हलका आहे, बोट टेकताच गोळी सुटते, अशी तक्रार आली. त्यांची बोटं जाडजूड, टोकाला घट्टे पडलेली. चाप जड केला. मग मान. त्यांची मान एका बाजूला कलती, तिकडून नेम धरायची माशी दिसेना, म्हणून माशी उंच करून जरा बाजूला सरकवली. मग गाल नीट बसेना, म्हणून दस्त्यात गालापुरता खळगा केला.

एकेक बदल समोर आला तेव्हा एकही वेडगळ वाटला नाही. प्रत्येक बदलानंतर काकांचा नेम सुधारायचा आणि बाबा हात चोळत म्हणायचे, “बघ, तत्त्वाला धरून राहिलं की असं होतं!” ‘आत्तापुरतं’ हा शब्द मात्र हळूहळू मागे पडला. मीही विसरले. रोज नवीन ड्रॉइंग काढायचं असलं की जुन्याकडे वळून बघायला वेळ कोणाला असतो?

चाचणीच्या आधीच्या रविवारी काका नवा शर्ट घ्यायला नवऱ्याच्या दुकानात आले. चाचणीला येणाऱ्या जनरलसाहेबांसमोर उभं राहायचं तर शर्ट नवा हवा, असं त्यांच्या मनात आलं. मी दुकानात घड्या घालत होते. नवऱ्याने पहिला शर्ट दिला, तो गळ्याला बसला पण बाह्या कोपरापाशीच संपल्या. दुसऱ्याच्या बाह्या पुरल्या पण अंगात आणखी एक माणूस मावला असता. तिसऱ्याचा एक खांदा बरोबर बसला आणि दुसरा लोंबत राहिला. काकांची कुरकुर रंगात आली. कापड टोचतं. कॉलर दाबते. हल्ली कोणाला शर्टच करता येत नाही.

नवरा टाचण्या दातांत धरूनच म्हणाला, “काका, रागावू नका. तुमच्या मापाचा शर्ट जगात कोणी तयार करत नाही. तुम्हाला शिवूनच घ्यावा लागेल. आणि तो शिवलेला दुसऱ्या कोणालाही व्हायचा नाही.”

“बाही वर गेल्यावर कशी बसते ते बघू दे,” असं म्हणत काकांनी डावा हात वर केला, मान कलती केली आणि आरशात बघितलं. माझ्या हातातली घडी तशीच राहिली. ते कोपर, ती मान, तो पुढे काढलेला गाल, हे सगळं मी नऊ वर्षं कागदावर काढत आले होते. फक्त माणूस काढला नव्हता.

सोमवारी मी कचेरीत जाऊन पहिलं ड्रॉइंग शोधलं, त्यावर शेवटचं ठेवलं आणि दोन्ही काचेवर धरून खालून दिवा लावला. पहिल्यात रायफल होती. शेवटच्यात काका होते. दस्त्याचा खळगा म्हणजे त्यांचा गाल, उंचावलेली माशी म्हणजे त्यांची मान, आणि डावीकडची खिडकी अशा जागी की उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्या कोणाही माणसाचा गाल नेमका तिच्यावर येणार. मला आधी हसू आलं. मग गुरुवार आठवला.

मी बाबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ बघितले.

“बाबा, ही रायफल फक्त काकांना होते.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“मग मला एकदा मारून बघू द्या. नाहीतर फाटकावरच्या पहारेकऱ्याला द्या. कोणालाही द्या.”

“शेवटच्या चाचणीच्या तोंडावर हात बदलायचा नाही,” बाबा म्हणाले.

“अहो, लष्करात काय सगळे काकाच भरलेत?” माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे लोक कागदात तोंड खुपसून बसले.

“सैनिकाला सवय होते. सैनिक कशाचीही सवय करून घेतो.”

“गालाला चटका बसण्याची?”

बाबांनी दिवा बंद केला. त्यांना कळलं होतं. ते मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि कळून घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं हेही दिसलं. मग ते अगदी हळू म्हणाले, “सूनबाई, तीन आठवडे राहिलेत माझे. मला त्या भिंतीवर टांगू नकोस.”

या माणसाशी मी नऊ वर्षं भांडत आले आहे; त्या दिवशी मात्र भांडण अर्धवट सोडलं. मी कागद गुंडाळले आणि चांदमारीवर काकांकडे गेले. त्यांना सरळ सांगून टाकलं. म्हटलं, गुरुवारी तुमचं झाल्यावर दुसऱ्या कोणाला तरी एकदा रायफल द्या. काकांची तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे मी बेढब आहे, असंच ना? काल त्या शर्टवाल्याने सांगितलं, आज तू सांगतेस!”

“मी असं कुठं म्हणाले?”

“आयुष्यात एक वस्तू मला अंगाबरोबर बसली. एक! ना खुर्ची बसली, ना बूट बसले. ही बसली. आणि तुला त्यातही खोट दिसते.”

मग त्यांनी रायफल उचलली आणि माझ्याकडे पाठ करून फडक्याने पुसायला लागले. त्यानंतर गुरुवारपर्यंत ते घरात एक शब्द बोलले नाहीत. चहाबद्दल काही नाही, उशीबद्दल काही नाही. आमच्या घरात इतकी शांतता झाली की नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, काका आजारी आहेत का?

गुरुवारी जनरलसाहेब आले. उंचीने कमी, अंगाने भरलेले आणि घाईत. त्यांच्याबरोबर त्यांचा अंगरक्षक होता, मिशीवाला, भिंतीएवढा माणूस. त्याच्या छातीवर अचूक नेमबाजीची पदकं होती, आणि ती चांगलीच दाटीवाटीने लावलेली होती. रायफल चिखलात बुडवली, चालली. वाळूत पुरून काढली, चालली. गच्चीवरून खाली टाकली, तरी चालली. त्या बाबतीत बाबांच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. मग काका जुन्याच शर्टात पुढे आले, डाव्या कुशीवर थोडे कलून आडवे झाले आणि त्यांनी सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळात घातल्या. जनरलसाहेबांनी दुर्बिणीतून बघितलं, दुर्बीण पुसली आणि पुन्हा बघितलं.

“वा!” ते म्हणाले. “असा नेम मी वर्षानुवर्षांत पाहिला नाही. कुठाय तो मंजुरीचा कागद?”

बाबांनी कागद पुढे केला. जनरलसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी खाली बघत उभी होते. बोलावं तर बाबांचा सगळा जन्म फुकट, न बोलावं तर त्या हजारो गालांचं काय, या कात्रीत मी सापडले होते. आणि खरं सांगते, मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात काका उठून उभे राहिले.

“साहेब, एक मिनिट. सही करायच्या आधी दुसऱ्या कोणालातरी मारून बघू द्या.”

बाबांच्या तोंडावरचा रंग उडाला. “अरे, काय चालवलंयस तू?”

“दादा, बघू तर दे,” काका म्हणाले. त्यांनी बाबांकडे बघितलं नाही. रायफल अंगरक्षकाच्या हातात दिली आणि बाजूला झाले.

अंगरक्षकाने रायफल उजव्या खांद्याला लावली, जशी शंभरातले नव्वद लोक लावतात. दस्ता लांब पडला, चापाला बोट लावायला हात ताणावा लागला. तो पुढे सरकला, मागे सरकला, मान लांब केली, पण माशी त्याच्या डोळ्यासमोर येईना. शेवटी त्याने अंदाजाने चाप ओढला. चाप येईना, म्हणून जोर केला. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली आणि तापलेली पुंगळी सरळ त्याच्या गालावर बसली. तो गडी शिस्तीचा. त्याने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या गोळीला दस्ता उसळून ओठावर बसला. तिसऱ्या गोळीची पुंगळी कॉलरमधून आत गेली, आणि मग मात्र पदकांसकट तो माणूस जागच्या जागी नाचायला लागला. त्या दिवसातला त्याचा एकच नेम बरोबर लागला, आणि तो शेजारच्या निशाणावर. तिथे त्या दिवशी कोणीच गोळ्या मारत नव्हतं.

“इकडे आण ती,” जनरलसाहेब म्हणाले. त्यांनी स्वतः रायफल खांद्याला लावली. त्यांचा हात चापापर्यंत पोहोचला नाही. त्यांनी आधी रायफलीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. दोघांपैकी कोणाला शिक्षा करावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. “प्रमुखसाहेब,” ते बाबांना म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, “रायफल उत्तम आहे. मला या गृहस्थांसारखे चाळीस हजार गृहस्थ आणून द्या, मी आत्ता सही करतो.”

एवढं बोलून ते जेवायला गेले. अंगरक्षक मलम लावून घ्यायला मागे थांबला. चांदमारीवर आम्ही चौघं उरलो, आणि बाबांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. त्यांना असं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“नऊ वर्षं!” ते काकांवर ओरडले. “नऊ वर्षांत एकदा तरी बोलला असतास, की दादा, हे फक्त मलाच जमतंय!”

“मी रोज बोलत होतो,” काका म्हणाले. “गाल भाजतो म्हणालो, तू खिडकी हलवलीस. बोटाला जमत नाही म्हणालो, तू चाप बदललास. मान म्हणालो, तू माशी सरकवलीस. मला काय ठाऊक, तू खरंच ऐकतोयस? मला वाटायचं, तुझं तुझं काहीतरी चाललंय आणि ते योगायोगाने मला बरं पडतंय.”

बाबांनी वाकून टोपी उचलली, झटकली, आणि डोक्यावर न घालता हातातच धरून ठेवली.

“उद्यापासून तू रायफलीला हात लावायचा नाहीस,” ते शेवटी म्हणाले. “एकाच हाताचं तत्त्व बंद. रोज नवा माणूस. जाडा, बारका, उंच, बुटका, सगळे.”

“माहीत आहे,” काका म्हणाले. “रायफल त्याच्या हातात दिली तेव्हाच माहीत होतं.” त्यांनी रायफल टेबलावर ठेवली आणि फडकं घडी करून तिच्याशेजारी ठेवलं. मग दोन्ही हात कुठे ठेवायचे ते न कळून खिशात घातले. मला इतकं भरून आलं की दोघांचाही राग आला. चांगली माणसं असं वागतात तेव्हा भांडायला काही उरत नाही, आणि मला त्याशिवाय दुसरं काही येत नाही.

बाबा अंगरक्षकाकडे वळले. “सांगा हो तुम्ही. रायफलीचा काय काय त्रास झाला?”

अंगरक्षक ताठ उभा राहिला. त्याच्या गालावर लाल पट्टा उठला होता, ओठ सुजून मिशीला टेकला होता आणि मानेखालचा चटका तो नकळत चोळत होता.

“काही नाही साहेब. उत्तम रायफल आहे.”

“अहो, गाल भाजलाय तुमचा!”

“किरकोळ आहे साहेब. माझीच चूक. मलाच सवय नव्हती.”

“चाप कसा वाटला?”

“छान आहे साहेब.”

“लांबी?”

“छान आहे साहेब.”

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे होऊन विचारलं, जरा दरडावूनच विचारलं, तरी तो पठ्ठ्या छानच्या पुढे जाईना. समोर मोठा साहेब उभा असताना तक्रार करायची नसते, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की सुजलेल्या ओठानेही तो शिस्तीत छान म्हणत होता. असे चाळीस हजार लोक. त्यांच्याकडून बाबांना नऊ काय, नव्वद वर्षांतही कळलं नसतं की गाल भाजतो. बाबा हातातली टोपी गोल गोल फिरवत उभे होते आणि त्यांच्या तोंडावरचा राग हळूहळू कुठेतरी चालला होता.

“काय छान?” मागून काका म्हणाले. त्यांना राहवलं नाही. “दादा, त्याचं बोट बघ. पहिल्या पेराशी पांढरं पडलंय. चाप जड आहे त्याला. आणि उजवं कोपर चोळतोय मघापासून, म्हणजे हात फार पुढे ताणावा लागलाय. दस्ता लांब आहे. मान बघ, मान वर करूनसुद्धा माशी दिसली नाही त्याला, नुसता अंदाजाने मारत होता. काय हो, बरोबर ना?”

अंगरक्षकाने घाबरून इकडेतिकडे बघितलं. जनरलसाहेब आसपास नाहीत याची खात्री करून घेतली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, “बरोबर.”

“आणि खांद्याला ते लोखंड टोचतं.”

“फार टोचतं,” अंगरक्षक म्हणाला.

“टोचणारच! कोणी केलंय हे असं? माणसाचा खांदा आहे का खुंटी?” काकांनी अंगरक्षकाचा दंड धरून त्याला उजेडात फिरवलं. त्यांचा आवाज आता घरच्यासारखा चढायला लागला होता. “आणि ओठ का फुटला माहीत आहे? गालाचा खळगा भलत्या बाजूला, मग याचं तोंड टेकणार कुठं? आणि वजन सगळं मागे आहे, त्यामुळे नळीचं तोंड वर जातं. आणि तो पट्टा...”

बाबांनी माझ्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल ओढून घेतली. सही न झालेला मंजुरीचा कागद त्यांनी उलटा केला, वाळूच्या पोत्यावर बसले आणि कागद गुडघ्यावर धरला.

“हळू,” ते काकांना म्हणाले. “एकेक सांग. मी लिहून घेतोय.”